वारज्याच्या साइटवरचा फिकट चेहरा

पुण्याच्या बाह्यवळणाने मुंबई-बंगळूर महामार्गावरून जाताना वारजे लागते. मुठेकाठचे हे गाव १९९७ साली पुणे महापालिकेत गेले. जिथे शेती होती तिथे आज इमारती आहेत. त्या बांधल्या कोणी? तुमच्या-आमच्याच भाऊबंदांनी. मराठवाडा-विदर्भातून, कर्नाटक-तेलंगणातून, बिहार-ओडिशातून आलेल्या माणसांनी.

अशा साइटवर घमेली वाहणारी एखादी बाई नीट बघा. डोळ्यांची आतली बाजू पांढरी, चेहरा फिकट, दोन जिने चढली की धाप. दवाखान्यात जाते, रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या मिळतात. दोन महिन्यांनी पुन्हा तेच. "कामच जड, दुसरं काय," असे म्हणून मुकादमही सोडून देतो. पण तिची शौच कुणी तपासली का? बहुधा नाहीच.

यात मोठा चोर म्हणजे अंकुशकृमी, डॉक्टर ज्याला हुकवर्म म्हणतात. उघड्यावर शौचाला बसलेल्या ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीवाटे हा आत शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो. त्याच्या एका जातीचा एक कृमी दिवसाला साधारण ०.१५ ते ०.२ मिलिलिटर रक्त घालवतो. असे शंभर असले तर रोज तीन-चार चमचे रक्त गेले! दुसरी जात यापेक्षा बरीच कमी पिते, पण पिते. वरून नुसत्या लोहाच्या गोळ्या देणे म्हणजे भोक पडलेल्या पोहऱ्याने पाणी शेंदणे.

आता तुम्ही म्हणाल, जंत असते तर दिसले नसते का? नारू दिसायचा. पायातून बाहेर आलेला नारू आमच्या वडीलधाऱ्यांनी काडीला गुंडाळलेला पाहिला आहे. देशातला त्याचा शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. अंकुशकृमीचे तसे नाही. त्याची अंडी दुर्बिणीखालीच दिसतात, तीही लागण झाल्यावर पाच-सहा आठवड्यांनी. शिवाय अंडी रोज सारखी पडत नाहीत. म्हणून एकदा "काही नाही" असा रिपोर्ट आला तरी तीन वेगवेगळ्या दिवशी नमुना द्यावा. रक्ताच्या रिपोर्टात 'इओसिनोफिल' वाढलेले दिसले तर डॉक्टरांना जंतांचा संशय यायला हवा. अर्थात ते दम्याने, ॲलर्जीनेही वाढतात आणि जंत असूनही कधी वाढत नाहीत.

सगळेच जंत शौचात सापडत नाहीत, ही गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरकडचा किंवा बिहारचा माणूस असेल तर हत्तीरोगाचा विचार करावा लागतो. त्याचे बारीक जंतू रात्री रक्तात येतात, म्हणून आरोग्य कर्मचारी रात्री आठ-साडेआठनंतर बोटातून रक्त घेतो. उगाच झोपमोड करतो म्हणून त्याला परत पाठवू नका. तरण्या माणसाला अचानक फिट आली तर डुकराच्या पट्टकृमीची अंडी पोटात जाऊन मेंदूत गाठ झालेली असू शकते. ती स्कॅनमध्येच दिसते. माळकऱ्यालाही ती होते, कारण अंडी दुसऱ्याच्या हातावरून, भाजीवरून येतात. अशा माणसाला घरच्या घरी जंताची गोळी अजिबात देऊ नका.

म्हणूनच "मूळ गाव कोणते, मधे कुठे कुठे राहिलात?" हा प्रश्न तपासणीइतकाच मोलाचा. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातले गिमवी गाव घ्या. लघवीतून रक्त पाडणाऱ्या एका कृमीचा तिथला ठावठिकाणा १९५२ साली गाडगीळ आणि शहा यांनी जगापुढे आणला. तोवर हा रोग भारतात रुजलेला असेल असे कोण मानत होते?

सरकारी जंतनाशक मोहीम २०१५ पासून आहे, पण ती १ ते १९ वर्षांच्या मुलांसाठी. शाळेत न जाणाऱ्यांनाही अंगणवाडीत गोळी मिळते. साइटवरच्या पोराला कुणी अंगणवाडीपर्यंत नेले तर! आणि पंचविशीतल्या मजुराला मात्र स्वतःहूनच दवाखाना गाठावा लागतो.

ग्रामसेवक, सरपंच मंडळींना एक विनंती. माणसे सणाला, पेरणीला गावी परततात, ऊसतोडीच्या टोळ्या उन्हाळ्यात येतात. तेव्हा आशाताईंना सोबत घेऊन उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीचा दिवस ठरवा. गरोदर बाई असेल तर आधी तसे सांगा, पहिल्या तीन महिन्यांत ही गोळी देत नाहीत.

नमुना नेण्यासाठी स्वच्छ, कोरडी, झाकणाची डबी घ्या. अंगठ्याच्या पेराएवढी शौच पुरे. त्यात लघवी किंवा माती मिसळू देऊ नका. डबीवर नाव आणि तारीख घाला, ती उन्हात ठेवू नका आणि त्याच सकाळी पोचवा. अंकुशकृमीची अंडी उशीर झाला की फुटतात आणि ओळखायला अवघड जातात.