मुळशीचं पाणी उलटं का वाहतं?

डोंगरातला तलाव पाहायचा म्हटलं की नवी मुंबईच्या गाड्या द्रुतगती मार्गाने लोणावळ्याकडे वळतात. यंदा पाऊस ओसरला की एकदा दुसरी वाट धरा. पनवेल, पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड आणि तिथून ताम्हिणी घाट चढून मुळशी. कोलाड सोडलं की ही वाट पाण्याच्या प्रवाहाविरुद्ध जाते, आणि मुळशी समजून घ्यायची तर ती अशीच, खालून वर पाहावी.

कोलाडहून सुतारवाडीमार्गे विळ्याकडे जाताना कुंडलिका सोबत असते. आभाळ निरभ्र असलं तरी सकाळी ही नदी फुगते आणि भर उन्हाळ्यातही तिच्यात राफ्टिंगच्या बोटी उतरतात. हे पाणी येतं भिऱ्याच्या वीजकेंद्रातून, आणि ते मुळात कुंडलिकेचं नाहीच. ते मुळेचं आहे.

मुळा सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावते, पूर्वेला पुण्यात जाऊन मुठेला मिळते आणि पुढे भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागरात पोहोचते. टाटांनी तिला मुळशीला अडवलं. भिंत पूर्वेला बांधली, पाणी मात्र पश्चिमेच्या टोकाने बोगद्यात घातलं आणि मोठमोठ्या नळांतून सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याला सोडलं. खोपोली आणि भिवपुरीनंतरचं हे टाटांचं तिसरं जलविद्युत केंद्र. १९२७ पासून इथली वीज मुंबईला जाते. वीज दिल्यावर तेच पाणी कुंडलिकेत पडतं, डोलवहाल बंधाऱ्यावरून रोह्याकडच्या शेतांना मिळतं आणि उरलेलं रेवदंड्याशी अरबी समुद्रात जातं. देशाचा पूर्व किनारा गाठायचं पाणी असं पश्चिमेला येतं.

विळ्यानंतर घाट सुरू होतो. जंगल दाट आहे. २०१३ मध्ये इथे अभयारण्य जाहीर झालं. सप्टेंबरअखेर धबधबे आटोपशीर झालेले असतात, धुकं उठलेलं असतं, कडेला सोनकी फुललेली असते. चढ संपून ताम्हिणी गाव मागे पडलं की डाव्या हाताला झाडांमधून पाणी दिसू लागतं आणि मग कितीतरी वेळ ते सोबत सोडत नाही. मुंबईजवळ तलावाकाठचा इतका देखणा रस्ता मला दुसरा माहीत नाही.

या पाण्याखाली मुळशी पेट्यातली गावं आहेत. भूसंपादन व्हायच्या आधीच कंपनीने शेतांत चर खणायला घेतले, तेव्हा मावळे चिडले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. बायाबापड्या कामावर जाऊन बसल्या, तुरुंगात गेल्या. पांडुरंग महादेव बापटांना लोकांनी ‘सेनापती’ म्हटलं ते याच लढ्यात. १९२४ च्या अखेरीस लढा मोडला आणि गावं बुडाली. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावर पुस्तक लिहिलं आणि त्याला जगातली पहिली धरणविरोधी चळवळ ठरवलं.

नवी मुंबईकरांनी तर हे मनावर घ्यायलाच हवं. आपल्या नळाला येणारं मोरब्याचं पाणीही कुणाच्या तरी घरा-शेतांवर साठलेलं आहे. आणि मुळशीचा वाद अजून मिटलेला नाही. भीमा खोऱ्यातल्या दुष्काळी तालुक्यांना हे पाणी परत द्या, ही मागणी पुन्हापुन्हा होते. मला ती रास्त वाटते. विजेसाठी आज दुसरे मार्ग आहेत, सोलापूरकडच्या शेतकऱ्याला पाण्यासाठी नाहीत. पण कुंडलिकेच्या काठची शेती आणि रोह्याचे कारखाने शंभर वर्षांत याच पाण्यावर उभे राहिले, त्यांचा विचार आधी करावा लागेल.

परतताना निव्याहून पिंपरीकडे वळा आणि लोणावळ्यामार्गे घरी या. पिंपरीच्या कड्यावरून कुंडलिकेचं खोरं थेट खाली दिसतं. पाणी किती खोल उतरतं ते तिथे कळतं. जुलै-ऑगस्टचे शनिवार-रविवार टाळा, वळणावर गाडी उभी करू नका, आणि भिऱ्याच्या खाली पात्र कोरडं दिसलं तरी मुलांना त्यात उतरू देऊ नका. केंद्रातून पाणी सुटलं की पातळी बघता बघता चढते.