भरली मांडी, रिती मांडी

जागच्या जागी फिरणारी एकच सायकल आणि तिच्या दोन बाजूंना दोन माणसं. एक जण डाव्या पायाने पॅडल मारतोय, दुसरा उजव्या. दोघांचाही उरलेला पाय स्वस्थ. स्वीडनचे संशोधक योनास बर्गस्ट्रोम आणि एरिक हुल्टमन स्वतःवरच प्रयोग करत होते. पाय पार गळून जाईपर्यंत ते थांबले नाहीत. मग दोन्ही मांड्यांत जाड सुई घालून स्नायूचा इवलासा तुकडा काढला गेला. राबलेल्या पायातलं ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूने साठवलेली साखर, जवळजवळ संपलं होतं. बसून राहिलेल्या पायातली कणगी भरलेलीच!

माणूस एक, हृदय एक, रक्तही तेच. तरी या मांडीतून त्या मांडीत दाणाभर साखर गेली नाही. ग्लायकोजेन मोडलं की सुट्या होणाऱ्या साखरेला फॉस्फेटची गाठ असते. ती सोडवणारं विकर यकृताकडे आहे, स्नायूकडे नाही. आणि गाठीसकट साखर पेशीबाहेर पडत नाही. पुढचे तीन दिवस दोघांनी भरपूर पिष्टमय आहार घेतला, तर दमलेल्या पायात साठा दुसऱ्या पायाच्या दुप्पट झाला. रिकामी झालेली कणगी पहिल्यापेक्षा मोठी होऊन भरली होती. 1966 साली हे ‘नेचर’मध्ये छापून आलं. मला तर आजही हा प्रयोग वाचताना आपल्याच मांडीवर हात ठेवून बघावंसं वाटतं.

ही कणगी कितपत पुरते हे बघायला आता दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स शर्यत घ्या. 1921 पासूनची ही शर्यत डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्ग या शहरांमध्ये होते, एखाद्या वर्षी चढाच्या दिशेने, एखाद्या वर्षी उताराच्या. अंतर सुमारे 90 किलोमीटर, वेळ 12 तास. महाराष्ट्रातले कितीतरी धावपटू ती धावून आले आहेत. धावताना किलोमीटरमागे दर किलो वजनाला साधारण एक किलोकॅलरी लागते. म्हणजे 60 किलोच्या माणसाला 5,400 लागणार, आणि स्नायू-यकृतातली सगळी साखर मिळून जेमतेम 2,000 किलोकॅलरी. त्याच अंगावर दहा किलो चरबी असेल, तर तिच्यात 90,000!

मग अडतं कुठे? वेगात. स्नायूंना चालवणारं एटीपी काही सेकंदांपुरतंच शिल्लक असतं, ते सतत नव्याने घडवावं लागतं. चरबीपासून ते सावकाश बनतं, त्याला प्राणवायूही जास्त लागतो. महिनोन्‌महिने लांब पल्ल्याचं धावणं केलं की स्नायूंमधल्या मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशींतल्या एटीपी घडवणाऱ्या भट्ट्या, वाढतात, त्याच वेगाला चरबी जास्त वापरली जाते आणि साखर पुरवून पुरवून खर्च होते. चढाच्या वर्षी शेवटच्या टप्प्यात पॉली शॉर्ट्सची चढण येते, तेव्हा ही वाचवलेली साखरच कामाला येते. ती संपली असेल, तर अंगावर किलोकिलोने चरबी असूनही पाय उचलत नाही.

उताराच्या वर्षी गंमत वेगळी. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेकचं काम करतो आणि त्याचे तंतू जागोजागी फाटतात. असा दुखावलेला स्नायू, पुढ्यात कितीही भात आला तरी, साखर नेहमीच्या वेगाने भरून घेत नाही. आधी कणगी लिंपायची, मग दाणे. तोवर धावपटू जिन्याचा कठडा धरून, एकेक पायरी, उलटा उतरत असतो.