भोंगा वाजला, पण आजोबांना कळलं का?
केळशीचे आजोबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुंबईला, मुलाच्या विसाव्या मजल्यावरच्या घरी येतात. रात्री आगीचा भोंगा वाजला तर? उतारवयात आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात आणि धूर ओळखणाऱ्या साध्या यंत्राची शिट्टी नेमकी तशीच, सुमारे ३,००० हर्ट्‌झची. ५२० हर्ट्‌झचा खालच्या पट्टीचा आवाज झोपलेल्यांना अधिक सहज जागे करतो, असे प्रयोगांत दिसले आहे.

पण उठून करायचे काय? नुसता भोंगा ते सांगत नाही. माणसे दारात उभी राहून शेजाऱ्यांना विचारत बसतात. म्हणून ध्वनिक्षेपकावरून बोललेली सूचना हवी: ‘आग लागली आहे. लिफ्ट वापरू नका. जिन्याने खाली या.’ मराठीतही, सावकाश, पुन्हा पुन्हा.

गुडघे साथ देत नसतील तर आजोबांना इमारतीतला रिफ्यूज एरिया आल्या दिवशीच दाखवावा. कदाचित तो मुलालाही ठाऊक नसेल.