चौथी शेवंड

पंगतीत आग्रहाला बळी न पडणारा माणूस अशी माझी नातेवाइकांत ख्याती आहे. मुंज असो की साठीशांत असो, वाढपी जिलबीचे ताट घेऊन समोर उभा राहिला की मी पानावर दोन्ही हात आडवे धरतो आणि त्याच्या डोळ्यांकडे पाहत नाही. चाळीस वर्षे हिशेबखात्यात काढलेल्या माणसाला 'पुरे' हा शब्द चांगला साधतो. तोच मी वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, भर समुद्रात, मध्यरात्री, छाती दाबून धरून एका परक्या डॉक्टरपुढे आडवा पडलो होतो आणि त्याला कारण माझा खादाडपणा होता, हे सांगितले तर आप्तांपैकी कोणी विश्वास ठेवणार नाही. म्हणून लिहूनच ठेवतो. फराळाचे डबे समोर उघडे असताना वाचकांनाही त्याचा उपयोग होईल.

त्याचे असे झाले. आमचे चिरंजीव फ्लोरिडात नोकरीला आहेत. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्यांनी मायामीहून सुटणाऱ्या सात रात्रींच्या सफरीची तिकिटे आमच्या हातांत ठेवली. दोन वर्षे साठवलेली रजा त्यांनी त्यासाठी खर्चली होती. "कशाला एवढा खर्च?" असे आम्ही म्हटले, पण ते आपले म्हणायचे म्हणून.

माझ्या पिढीच्या कोकणी माणसाला आगबोट म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी बोट. डेकवर वळकटी पसरायची, उशाशी ट्रंक घ्यायची आणि फडक्यात बांधलेल्या दशम्या सोडायच्या की नाही याचा विचार करीत वेंगुर्ल्यापर्यंत जायचे. त्या बोटीवर खाण्यापेक्षा खाल्लेले पोटात राखणे हीच मोठी कला होती. लिंबाची फोड नाकाशी धरून मी लहानपणी कितीतरी वेळा ती साधली आहे.

कॅरिबियन समुद्रातली ही बोट मात्र कोठेच जाण्यासाठी नव्हती. जिथून निघायचे तिथेच परत यायचे! या कल्पनेचे श्रेय अल्बर्ट बालिन या जर्मन गृहस्थाकडे जाते. हिवाळ्यात अटलांटिकवर उतारू मिळत नाहीत, बोट नुसती उभी राहते. म्हणून १८९१ च्या जानेवारीत त्याने 'आउगुस्टा व्हिक्टोरिया' ही बोट २४१ हौशी प्रवासी घेऊन भूमध्य समुद्राच्या फेरीला धाडली. पुढे १९५८ साली जेट विमाने अटलांटिक ओलांडू लागली आणि ज्यांना खरोखर कोठे जायचे होते ते सारे विमानात बसले. बोटींकडे उरली ती मौज, आणि मौजेत मुख्य म्हणजे जेवण. न्याहारी, दुसरी न्याहारी, जेवण, चहा, रात्रीचे जेवण आणि मध्यरात्रीचे चटकमटक. हे सारे तिकिटातच. एक मागा, दोन मागा, कोणी हिशेब विचारणार नाही. हिशेबनिसाचा घात करायला याहून नामी युक्ती कोणती?

पाचव्या रात्री थाटाच्या पोशाखाचे जेवण होते. सौ.ने पैठणी काढली. मी टाय बांधला. आमच्या टेबलाचा वेटर तिशीतला, सावळा, तरतरीत मुलगा होता. पहिल्याच दिवशी आमचे बोलणे कानावर पडताच इंग्रजी सोडून त्याने विचारले होते, "काका, तुमी खंयचे?" तो मालवणचा निघाला. आश्चर्य वाटायला नको होते. पी. अँड ओ.च्या बोटींवर मुदपाकखाना आणि जेवणघर गोव्याच्या माणसांकडेच असे. मुंबईत त्यांच्या गावोगावच्या 'कुडी' अजून आहेत. डेकवर रत्नागिरीकडचे खलाशी असत. साहेब गेला, बोटी बदलल्या, पण समुद्रावर ताटे वाढणारे हात पुष्कळसे त्याच किनाऱ्याचे राहिले.

त्याने बशी ठेवली. उभे चिरलेले लालबुंद कवच, त्यात पांढरेशुभ्र मांस, बाजूला वाटीत वितळलेले लोणी.

"लॉबस्टर?" सौ.ने विचारले.

"आपली शेवंडच, काकू. नाव तेवढं विलायती."

त्याचे बोलणे शास्त्राला धरून होते. अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावरचा, मेन राज्याचा प्रसिद्ध लॉबस्टर म्हणजे दोन जाडजूड नांग्यांचा प्राणी. कॅरिबियन समुद्रातल्याला नांग्या नसतात. लांब काटेरी मिशा असतात. त्याची आणि आपल्या कोकणच्या शेवंडीची जात एकाच कुळातली. म्हणजे मी सातासमुद्रापार येऊन आमच्या मांडवीतल्या शेवंडीची चुलतबहीणच खायला बसलो होतो.

पहिला घास घेतला आणि मी वेंगुर्ल्याच्या स्वयंपाकघरात जाऊन पोहोचलो. आमच्याकडे शेवंड वर्षातून एखादे वेळी येई. धडधाकट असली तर ती मुंबईच्या व्यापाऱ्याकडे जायची. पाय मोडलेली, मिशी तुटलेली असली तर आमच्या वडिलांकडे. आई तिचे ओल्या खोबऱ्याच्या वाटपातले कालवण करी. खाणारी माणसे सात. वडिलांना, आजीला आणि आम्हा चौघा भावंडांना बोटाएवढा एकेक तुकडा. मी धाकटा, म्हणून पाय चोखायचा मान माझा. आईच्या वाट्याला काय येई, हे मी कधी पाहिल्याचे आठवत नाही.

त्या आठवणीनेच माझा घात केला. पहिली शेपटी मी चवीने खाल्ली. दुसरी, पहिलीची चव नीट ध्यानात राहावी म्हणून. तिसरीच्या वेळी हिशेबखाते जागे झाले: एवढे तिकीट काढले आहे, दोन शेपट्यांत ते वसूल कसे व्हायचे? शेजारच्या टेबलावर एक आडदांड अमेरिकन गृहस्थ पाचवी शेपटी फोडीत होते. त्यांनी माझ्याकडे पाहून काटा उंचावला. प्रश्न देशाच्या अब्रूचा झाला. मी चौथी मागवली.

"अहो, पुरे," सौ. म्हणाली.

"बाबा, उद्याही मिळेल," चिरंजीव म्हणाले.

वेटर क्षणभर थांबला, माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता चौथी घेऊन आला. पंगतीतला वाढपी आग्रह करतो म्हणून नाही म्हणता येते. जिथे कोणी आग्रहच करीत नाही तिथे नकार द्यायचा कोणाला?

त्यानंतर गोडाची वेळ आली. आता तीळ ठेवायला जागा नाही असे मला प्रामाणिकपणे वाटत होते. पण वरून भाजलेला आइस्क्रीमचा डोंगर समोर येताच जागा झाली. हा चमत्कार आपण श्रीखंडाच्या बाबतीत नेहमी पाहतो. बार्बारा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली तो प्रयोगाने दाखवला: एका चवीचा कंटाळा आला तरी दुसऱ्या चवीची भूक शाबूत राहते, म्हणून पदार्थ जितके जास्त तितके खाणे जास्त. आपल्या वाग्भटाने शेकडो वर्षांपूर्वीच बजावून ठेवले आहे, की पोटाचे चार भाग कल्पावे. दोन अन्नाने भरावे, एक पाण्याने, आणि एक वाऱ्याला मोकळा ठेवावा. माझ्या पोटात त्या रात्री वाऱ्याला वाव नव्हता.

रात्री एकच्या सुमारास छातीत कळ आली. डाव्या बाजूला, जबड्याकडे जाणारी. अंगाला दरदरून घाम फुटला. उठून बसलो तरी कमी होईना. सौ.ने दिवा लावला, माझ्याकडे एकदा पाहिले आणि एक शब्द न बोलता फोन उचलला. तिचे वडील असेच गेले होते.

चाकाच्या खुर्चीतून मला खालच्या मजल्यावरच्या दवाखान्यात नेले. छातीला तारा लावल्या, रक्त काढले. किनारा किती दूर आहे, असे चिरंजीवांनी हळूच विचारलेले मी ऐकले. उत्तर मला ऐकू आले नाही. तो पायांत दोन वेगवेगळ्या सपाता घालून धावत आला होता. शाळेत असताना त्याला ताप चढला की मी असाच त्याच्या उशाशी उभा राहत असे. आता तो उभा होता आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मी त्या दोन तासांत देवाला आठवले नाही. तिसऱ्या शेपटीनंतर तो "उद्याही मिळेल" म्हणाला होता, तेवढेच पुनःपुन्हा आठवत राहिलो.

पहाटे तीनला डॉक्टरांनी सांगितले, हृदय ठीक आहे. दंगा पोटाचा आहे. त्यात शेवंडीचा दोष फारसा नव्हता. १०० ग्रॅम शेवंडीत चरबी २ ग्रॅमच्या आतच असते. तेवढ्याच लोण्यात ८० ग्रॅमच्या वर. चार वाट्या लोणी पोटात रिते करून मी लगेच आडवा झालो होतो. एवढे स्निग्ध अन्न जठरातून लवकर पुढे सरकत नाही, अन्ननलिकेच्या तोंडाची झडप सैल पडते आणि आम्ल वर येते. मात्र साठीनंतर अशी कळ आली तर ती पोटाचीच आहे असे घरच्या घरी ठरवू नये. डॉक्टरला गाठावे, असेही त्यांनी बजावले. मग बिल दिले. बोटीवरचा डॉक्टर तिकिटात धरलेला नसतो. जेवण फुकट, ढेकर विकत! ते बिल चिरंजीवांनी मला पाहू दिले नाही.

सकाळी डेकवर शाल पांघरून बसलो होतो. वेटर न बोलावता आला. हातात वाडगा, त्यात मऊ भात, दही आणि वर चिमूटभर मीठ.

"खलाश्यांच्या भटारखान्यातून आणलाय, काका. काल मी आणायलाच नको होती ती चौथी."

"तू काय करणार? मीच मागितली."

मी त्याला विचारले, "तू खातोस का रे शेवंड?"

तो हसला. "रात्रभर वाढून वास नकोसा होतो. आमचं आपलं भात नि कढी. बाबा शेवंडीला जाळं टाकायचे, तेव्हाही घरात खाल्लेली आठवत नाही. विकायचीच असायची." मग जरा थांबून म्हणाला, "आता जाळ्यात पूर्वीसारखी येत नाही, म्हणून तर मी इथे."

तेही खरेच. आपल्या मुंबईच्या समुद्रात चपट्या शेवंडीची एक जात ट्रॉलरना भरघोस मिळे. १९९४ पर्यंत ती जवळजवळ संपली. परदेशी पाठवायच्या शेवंडींना किमान वजनाची अट लागली ती २००३ साली. मेनच्या कोळ्यांनी अधिक शहाणपण दाखवले. तिथला लॉबस्टर पानात येण्याजोगा व्हायला पाच ते सात वर्षे लागतात. अंडी वाहणारी मादी सापडली तर तिच्या शेपटीच्या पाकळीवर खूण कापून तिला पाण्यात सोडतात, म्हणजे पुढच्यानेही तिला धरू नये. ठरावीक मापाहून लहान परत पाण्यात. आणि ठरावीक मापाहून मोठाही परत पाण्यात! खालची मर्यादा सगळ्यांनाच सुचते. वरचीही असते, हे त्या कायद्याला कळले.

आणि हाच लॉबस्टर एके काळी लाजेचा होता. १६२३ साली प्लिमथच्या वसाहतीत नवे लोक उतरले, तेव्हा तिथले गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड यांना संकोच वाटला. कारण पाहुण्यांपुढे ठेवायला लॉबस्टर किंवा मासळी आणि झऱ्याचे पाणी, एवढेच होते. भाकरी नव्हती.

उरलेल्या अन्नाचे काय करता, असे सौ.ने विचारले. दळून बारीक करून किनाऱ्यापासून दूर समुद्रात सोडतात, असे तो म्हणाला. आंतरराष्ट्रीय नियमच आहे: या समुद्रात १२ सागरी मैलांच्या बाहेर, आणि २५ मिलिमीटरच्या जाळीतून जाईल इतके बारीक करून. माझ्या चौथ्या शेपटीचा अर्धा भाग बशीतच राहिला होता, हे तेव्हा मला आठवले.

सौ.ने पिशवीतून चकल्यांची पुडी काढली. सूनबाईने तिकडच्या देशी दुकानातून आणलेली. दोनच उरल्या होत्या. "दिवाळीला घरी नाहीस ना? घे," ती म्हणाली. त्याने इकडेतिकडे पाहिले, कागदी रुमालात त्या नीट गुंडाळल्या आणि खिशात ठेवल्या.

शेवटच्या दिवशी निरोप घेताना सौ.ने विचारले, "चकली आवडली का?"

"काकू, आम्ही सहाजणांनी खाल्ली," तो म्हणाला. "दोघे मालवणचे, तिघे गोव्याचे, एक देवगडचा. तुकडे करताना जरा भांडण झालं."

यंदा आम्ही घरीच आहोत. चकलीचा डबा समोर आहे, आणि त्याच्या झाकणावर सौ.चा हात आहे.