सोलापूरचा डॉक्टर, चीनचे जखमी सैनिक

आंबिवलीच्या आपल्या गटांच्या बैठकीत आरोग्याचा विषय निघाला, की मला डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. सोलापूरला 1910 साली जन्मलेला हा मुलगा मुंबईत डॉक्टर झाला. 1937 मध्ये जपानने चीनवर हल्ला केला आणि पुढच्याच वर्षी काँग्रेसने पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला पाठवलं. त्यात कोटणीस होते. बाकीचे चौघे परत आले, हे तिथेच राहिले.

तिथली अडचण समजून घेऊ. रस्ते डोंगराळ, गाड्या नाहीत. जखमी सैनिकाला खांद्यावरून दवाखान्यात न्यायला फार वेळ जायचा. तेवढ्यात रक्त वाहून जायचं, जखम सडायची. म्हणजे जीव गोळीइतकाच उशिरानेही जायचा. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून यांनी त्यावर साधा उपाय काढला. जखमी डॉक्टरकडे येण्याची वाट बघायची नाही, डॉक्टरनेच लढाईच्या जवळ जायचं. 1939 मध्ये शस्त्रक्रिया करताना त्यांच्या बोटाला कापलं, जखमेत विष भरलं आणि ते गेले. पेनिसिलिन तेव्हा कुठे मिळत होतं!

पुढे त्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख कोटणीस झाले. लढाई पेटली की दिवसरात्र न झोपता शस्त्रक्रिया करायचे. पण मला त्यांचं दुसरं काम जास्त मोठं वाटतं. ते चिनी भाषा शिकले आणि तिथल्या तरुणांना वैद्यकीय शिक्षण देऊ लागले. बाहेरून आलेला डॉक्टर किती दिवस पुरणार? आपल्या पाड्यावर आशाताई असते, त्यामागेही हाच विचार आहे.

उशिराचं म्हणाल तर आपल्याकडेही तो होतोच. विळा लागून रक्त वाहत असेल तर हळद शोधत बसू नका. स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरा, 108 ला फोन लावा. साप चावला तर कापू नका, करकचून बांधू नका, भगताकडे तर मुळीच नेऊ नका. माणसाला चालू न देता थेट दवाखाना गाठा.

कोटणीसांनी तिथल्याच एका परिचारिकेशी, ग्वो चिंगलान यांच्याशी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. 9 डिसेंबर 1942 रोजी फिटच्या आजाराने कोटणीस गेले. वय 32. यिनहुआ तेव्हा साडेतीन महिन्यांचा होता.