जलूदचं पाणी आणि विजेचं बिल

इंदूरच्या भंवरकुआंत एमपीपीएससीची, म्हणजे मध्य प्रदेशच्या राज्यसेवा परीक्षेची, तयारी करणाऱ्या कुठल्याही मुलाला भारताच्या ‘नेट झिरो’चं, म्हणजे निव्वळ शून्य उत्सर्जनाचं, साल विचारा, २०७० हे उत्तर तो झोपेतही देईल. या धोरणाचा पैसा कुठून येतो आणि कुठे जातो, याबद्दल मात्र सगळा ऐकीव कारभार.

सगळ्यात पक्का समज म्हणजे, पर्यावरण हे श्रीमंत देशांचे चोचले, आपल्याला ते परवडत नाहीत. याला उत्तर त्या मुलांच्याच नळाला येतं. इंदूर नर्मदेचं पाणी पितं, तेही सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून आणलेलं. नदी खाली निमाडात, शहर वर माळव्याच्या पठारावर. मधला चढ पंपांनीच चढायचा. त्यापायी महानगरपालिकेचं विजेचं बिल महिन्याला २० कोटींच्या पुढे गेलं. वीज बहुतांशी कोळशाची. तेव्हा इथे उत्सर्जन कमी करणं म्हणजे सरळ घरखर्च आटोक्यात आणणं.

म्हणून जलूद परिसरात ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प ठरला. ‘असले प्रकल्प अनुदानावरच चालतात’ हा पुढचा समज. महानगरपालिकेने त्यासाठी फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे थेट जनतेपुढे ठेवले, व्याज ८.२५ टक्के. मागणी ७०० कोटींवर गेली. पण हे कर्ज आहे, फेडावंच लागतं. माझ्या मते विकसनशील देशांची खरी अडचण इथेच आहे. ऊन फुकट, पण पॅनेलचे पैसे आधी मोजायचे. व्याज चढलं की तीच वीज महागते. हवामान परिषदांतली स्वस्त कर्जाची भांडणं त्यामुळे पोकळ नाहीत.

आणखी एक ऐकीव वाक्य, ‘कार्बन उत्सर्जनात भारत जगात तिसरा’, हे खरं, पण अर्धंच. माणशी कार्बन डायऑक्साइड आपल्याकडे वर्षाला २ टनांच्या आसपास, अमेरिकेत १४ च्या.

आणि ‘भारतात कार्बनवर कर कधी नव्हताच’? नावाने नव्हता. २०१० पासून कोळशाच्या टनामागे ५० रुपये उपकर होता, २०१६ मध्ये तो ४०० झाला. स्वच्छ ऊर्जेसाठी म्हणून सुरू झालेल्या या उपकराचा पैसा २०१७ नंतर राज्यांना जीएसटीची भरपाई देण्याकडे वळला. सप्टेंबर २०२५ मध्ये उपकर उठला आणि कोळशावरचा जीएसटी ५ टक्क्यांवरून १८ वर गेला.