जुनी मोटारसायकल ठेंगणी करतांना

गाडी थांबवितांना पाय जमिनीला नीट पुरले नाहींत, कीं ठेंगण्या स्वाराला मोटारसायकलच खालीं आणावी असें वाटूं लागतें. इच्छा रास्त आहे. परंतु खड्ड्याचा धक्का चाकानें सोसावयाचा, तर स्प्रिंगला दबण्यास वाव लागतो. गाडीची उंची कमी केली म्हणजे बहुधा हा वावच कमी होतो.

मद्रासेस १९५५ सालीं स्थापन झालेल्या एन्फील्ड इंडिया कंपनीची ३५० सी.सी. बुलेट उदाहरणादाखल घ्यावी. तिच्या पुढच्या चिमट्याच्या नळ्यांत स्प्रिंगा व तेल असतें. मागचें चाक झुलत्या कांबीवर बसविलेलें असून तिला दोन शॉक अॅब्सॉर्बर आधार देतात. कित्येक गाड्यांत चिमट्याच्या नळ्या पकडींतून थोड्या वर सरकवितां येतात. जुन्या बुलेटीच्या नळ्या मात्र दिव्याच्या कवचांत आट्यांनीं बसविलेल्या असतात; म्हणून तेथें स्प्रिंगच बदलावी लागते. मागें आंखूड शॉक अॅब्सॉर्बर लावतात.

केवळ पुढची बाजू उतरविली, तर चिमटा अधिक उभा होतो; हँडल हलकें, पण वेगांत चंचल बनतें. केवळ मागची उतरविली, तर चिमटा कलतो आणि गाडी वळणास जड जाते. म्हणून दोन्ही बाजू सारख्या मापानें उतरवाव्या.

स्प्रिंग कापल्यास ती अधिक ताठ होते आणि भार उतरतांच सैल पडून खडखडते. ती भट्टींत तापवून बसविणें तर त्याहून घातक. पोलादाचें पाणी उतरतें आणि स्प्रिंग पुढेंही बसत जाते. योग्य लांबीची नवी स्प्रिंग घ्यावी आणि जुनी जपून ठेवावी. गाडीचें मूळ रूप पुन्हा आणतां येतें.

काम संपल्यावर स्प्रिंगा काढून चाक शेवटपर्यंत वर उचलून पाहावें. टायर मडगार्डला घासल्यास उतरण अति झाली. वळणावर कलतांना फुटरेस्ट किंवा सायलेन्सर रस्त्याला लागत नाहीं ना, हेंही हळू वेगांत पाहावें. मधला स्टँड आतां उंच ठरून गाडी चढविणें जड जातें. त्याचेही पाय बेतानें आंखूड करावे लागतात.

या सर्वांआधीं सीटची गादी थोडी पातळ करून पाहावी. पाय टेकण्यास बोटभर उंचीच अडत असेल, तर तेवढ्यानेंच भागतें आणि स्प्रिंगांना हात लावण्याची वेळच येत नाहीं.